मंचरचा सूर्यास्त घेऊन कन्याकुमारीला

नात परवा कुणाला तरी फोनवर सांगत होती, "माझी आजी नव्वदच्या दशकात कॅम्पिंगला जायची, तेही साउथला." मी आतून ऐकत होते. कॅम्पिंग म्हणे. अगं, कांद्याचा टेम्पो होता तो. वर ताडपत्री, खाली सतरंजी आणि उशाला कांद्याचा वास. पण तिच्या मैत्रिणीवर छाप पडत असेल तर मी कशाला मोडता घालू?

खरी गोष्ट निराळी आहे आणि तिच्यात माझी चांगलीच फजिती आहे. फजिती झाली तेव्हा मी बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं होतं.

मंचरच्या पेठेत आमची कांदा-बटाट्याची आडत. राजस्थानातून आमच्या घरचे इकडे आले त्याला चार-पाच पिढ्या झाल्या. जन्मभर आम्ही कांदा-बटाटा विकला आणि जिभेला लावला नाही, कारण जमिनीखाली पिकणारं आम्ही जैन खात नाही. दुसरा नियम चौविहाराचा. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीसुद्धा बंद. आमच्या घरात हा नियम माझ्या सासूबाईंनी असा पाळलेला की संध्याकाळी दारात आलेला पाहुणा आधी आकाशाकडे बघायचा, मग चहाला हो म्हणायचा. त्यांना सगळे बाईच म्हणत, मीही बाईच म्हणे.

दक्षिणेचं वेड मूळ यांचं, म्हणजे नातीच्या आजोबांचं. आमचा कांदा ट्रकांनी थेट खाली जायचा, मदुरा, कोचीन, कुठं कुठं. ट्रकवाले परत आले की गादीवर बसून तिकडच्या गोष्टी सांगत. नारळाची रानं, मिठागरं, रस्त्याला लागून समुद्र. हे ऐकत बसायचे. एकदा जेवताना म्हणाले, "आपला कांदा सगळा मुलूख बघून आला. आपणच राहिलो."

मला ते वाक्य लागलं. माझं तर माहेर आळेफाट्याच्या पलीकडे, सासर मंचरला. मी पाहिलेलं जग म्हणजे मधला पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता आणि पुणे. मी नकाशा काढला आणि रस्ता जिथं संपतो तिथं बोट ठेवलं. कन्याकुमारी. म्हटलं, जायचं तर इथवर जायचं, आणि सावकाश जायचं.

सावकाश म्हणायला काय जातं, आम्हाला दुसरा इलाजच नव्हता. हॉटेलात जेवता येत नाही, कारण आमटीत कांदा. रेल्वेत सूर्य मधेच कुठंतरी मावळतो. म्हणजे स्वयंपाकघर बरोबर न्यायचं, दुपारी चारला गाडी थांबवायची, चूल पेटवायची आणि दिवस असताना जेवून मोकळं व्हायचं. मग तिथंच मुक्काम. दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तर डोक्यावरून पाणी.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या मूग निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आणि चौविहार?"

"पाळू."

"रस्त्यात पाळणं होत नाही. मोडला तर?"

मी मानेला झटका देऊन म्हणाले, "मोडला तर तिथून गाडी वळवीन. आणि पुन्हा कधी जायचं नाव काढणार नाही."

कुणी विचारलं होतं एवढं? पण मी तेव्हा अशीच होते. वाकायच्या ठिकाणीसुद्धा उभी राहून बोलायची. बाईंनी फक्त मान हलवली. माझा शब्द त्यांनी मुगाच्या डब्यात भरून ठेवला असं मला वाटलं.

पेठेत आमच्याकडे एक जुने हमाल होते, घाटमाथ्यावरच्या आहुप्याचे. त्यांनी ताडपत्रीला कड्या ठोकून दिल्या, टेम्पोच्या फाळक्याला बांधून तंबू कसा ओढायचा ते दाखवलं, भोवती चर कसा काढायचा ते शिकवलं. माझं सामान चढवताना मात्र ते थबकले. मी पाटा-वरवंटा काढून ठेवला होता.

"शेठानी," ते म्हणाले, "तिकडं दगूड न्हाई व्हय मिळत?"

पाटा मी तरीही नेला. पहिल्या सहलीत तो एकदाही खाली उतरला नाही, दुसऱ्या सहलीतही नाही. तिसऱ्या वेळी यांनी तो न विचारता घरी ठेवला, तर मी बेळगावपर्यंत बोलले नाही.

निघायच्या आधी एक रात्र सराव म्हणून आम्ही आहुप्याला राहिलो. डिंभ्याच्या पुढे तेव्हा रस्ता म्हणजे नुसती खडी. देवराई ओलांडून कड्याजवळ टेम्पो लावला, हमालांच्या घरच्यांनी पाणी आणून दिलं, ते मी कापडातून गाळून उकळलं. मनगटाला माझं नवं घड्याळ होतं आणि पिशवीत घरच्या पंचांगातलं सूर्यास्ताचं पान. त्या पानावरची वेळ आली तसं मी ताट धुतलं, धुतलेलं पाणी पिऊन टाकलं आणि हात जोडले. ताटात कण ठेवायचा नाही, हाही आमचा नियम. समोर कड्यापलीकडे सूर्य अजून बोटभर वर होता. हमालांची बायको चहा घेऊन आली. मी नको म्हटलं.

"अवो घ्या की. दिस हाय अजून," हमाल म्हणाले. "हितं दिस उशिरा बुडतो. खाली कोकणात उतरून बुडतो त्यो."

मी त्यांना पंचांगातलं पान दाखवलं. छापील होतं ना. त्यांनी ते हातात घेतलं, सूर्याकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं आणि आदरानं मला परत दिलं. यांनी चहा घेतला. मी उन्हात बसून, डोळ्यासमोर सूर्य असताना, रात्र झाली असं मानून यांच्याकडे रागानं बघत राहिले.

तो माणूस मला फार मोठी गोष्ट सांगत होता. मला वाटलं, डोंगरातल्या माणसाला पंचांगातलं काय कळणार.

चातुर्मासात आम्ही लांबचा प्रवास करत नाही. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, साधू-साध्वी पायी विहाराला निघतात, त्याच आठवड्यात आम्ही टेम्पोनं निघायचो. बटाट्याची आवक तोवर ओसरलेली असे, कांद्याचं धाकटे दीर बघत. पेठेतले लोक म्हणत, आडत्याला वेड लागलंय, बायकोला मालासारखी ताडपत्रीखाली घालून नेतोय. नाक्यावर पोलीस विचारायचे, मागं माल काय? हे म्हणायचे, "घर आहे." पोलीस ताडपत्री वर करून बघायचा, तर आत मी, दोन स्टोव्ह, खाकऱ्यांचा डबा आणि वाळत घातलेलं पाणी गाळायचं कापड. तो ताडपत्री खाली सोडायचा. मुक्कामाच्या गावी मात्र वासावरून लोक यायचे आणि कांदा कसा दिला विचारायचे. एकदा दावणगेरेच्या अलीकडे एक बाई टोपलीच घेऊन आली. तिला मी मेथीचे ठेपले दिले.

पहिल्या वर्षी गोकर्णपर्यंत गेलो, दुसऱ्या वर्षी श्रवणबेळगोळ आणि म्हैसूर, तिसऱ्या वर्षी कालिकतच्या अलीकडून परत फिरलो, कारण धाकट्या दिरांना ताप आला होता. दर वेळी घरी पोचले की बाई एकच विचारायच्या, "चौविहार?" आणि मी घड्याळ दाखवून म्हणायचे, "एक दिवस चुकला नाही." असं म्हणताना माझी मान किती ताठ व्हायची ते आठवलं की आता मानेत कळ येते.

चौथ्या वर्षी ठरवलं, आता कन्याकुमारी सोडायची नाही. बंगळूरवरून पूर्वेच्या किनाऱ्याला उतरायचं आणि समुद्र धरून खाली जायचं. शतक संपायला दोन-तीन वर्षं होती.

आपल्याकडे दिवाळीला पाऊस गेलेला असतो, त्या किनाऱ्याला तेव्हा पाऊस लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रोज आभाळ भरलेलं. चूल ताडपत्रीखाली. सूर्य म्हणून दिसायचाच नाही, नुसता राखाडी उजेड हळूहळू कमी व्हायचा. माझं काही अडत नव्हतं. माझ्याकडे घड्याळ होतं, पान होतं. मंचरचा सूर्यास्त मी मनगटावर बांधून आणला होता.

चिदंबरमच्या पुढं यांची एक नवी कटकट सुरू झाली. चार वाजले की म्हणायचे, "आज लवकर आटप." मी म्हणायचे, अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आज जरा लवकर जेवू." मी पोळ्या लाटता लाटता त्यांना घड्याळ दाखवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कणीक मळली. मी तीच कणीक पुन्हा मळली, कारण त्यांना मळता येत नाही, आणि त्यात आणखी वेळ घालवला. अंधारून आलंय म्हणाले, तर मी म्हटलं, ढग आहेत. ते माझ्यासमोर बसून जेवायचे. हळूहळू, माझ्या बरोबरीनं.

पाचव्या दिवशी वेदारण्यमजवळ मिठागरांच्या कडेला मुक्काम केला. दुपारपासून आभाळ उघडलं होतं. सगळीकडे सपाट, पांढरी वाफ्यांची रांग, मधे पाणी, आणि पश्चिमेला एक झाडसुद्धा नाही. मी गट्ट्याची भाजी केली होती. इतक्या दिवसांनी ऊन मिळालं म्हणून ताट घेऊन मी बाहेर बसले. दोन पोळ्या झाल्या, तिसरी घेतली. घड्याळात अजून चौदा मिनिटं होती.

आणि सूर्य माझ्या डोळ्यांदेखत मिठाच्या पाण्यात उतरला. काठ टेकला, अर्धा झाला, नखाएवढा राहिला, गेला.

मी घास हातात धरून बसले. आधी वाटलं, घड्याळ मागे पडलंय. आत रेडिओ होता, त्यावर बातम्यांच्या आधी वेळ सांगत. तो लावून बसले. घड्याळ सेकंदाला बरोबर होतं. मी यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्यांचं ताट केव्हाच खाली ठेवलं होतं. आश्चर्य वाटलेल्या माणसाचं तोंड असतं तसं त्यांचं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"चिदंबरमला मूगडाळ घेतली ना, त्या मारवाडी दुकानात भिंतीवर पंचांग होतं. इकडचं. सूर्यास्त आपल्यापेक्षा बारा मिनिटं आधी."

"मग सांगितलं का नाही?"

"तोवर दोन दिवस मोडून झालं होतं. सांगितलं असतं तर तू तिथूनच गाडी वळवली असतीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी विचारलं, "आणि माहीत असून तुम्ही रोज माझ्याबरोबर जेवत होता?"

ते मिठागराकडे बघत म्हणाले, "एकटीनं कशाला मोडायचं."

ताटात अर्धी पोळी आणि भाजी उरली होती. टाकावी तर दोष, खावी तर दोष. बेचाळीस वर्षांत ताटात काही उरवलं नव्हतं, आणि आता ते ताट मांडीवर घेऊन मी बसून होते, जसं काही ते कुणाचं तरी मूल आहे. शेवटी मिठागराची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याची शेळी आली आणि तिनं प्रश्न सोडवला. गट्टे तिला आवडले नाहीत.

त्या संध्याकाळी मी एकटीनंच भांडी घासली. पण डोक्यात विचार एकच. कन्याकुमारी तीन मुक्कामांवर होती आणि मी बाईंना शब्द दिला होता. गाडी वळवायची म्हणजे आजची सहल गेली, आणि पुढच्याही सगळ्या गेल्या. यांना पुन्हा गादीवर बसून ट्रकवाल्यांच्या गोष्टी ऐकायच्या. मला पुन्हा मंचर ते आळेफाटा. दुसरा रस्ता सोपा होता. बाईंना कळलंच कुठं होतं? घरी जाऊन घड्याळ दाखवायचं आणि मान ताठ करायची. ते मात्र माझ्यानं होणार नव्हतं. मूर्ख होते, पण खोटं बोलणारी नव्हते.

सकाळी मी सतरंजी झटकली, घडी घातली आणि यांना म्हटलं, "मी वळणार नाही. आणि लपवणारही नाही. आधी फोन, मग पुढं."

हे म्हणाले, "फोन कन्याकुमारीहून करू."

"इथूनच."

गावातल्या एसटीडी बूथवर तीनदा लावल्यावर फोन लागला. दिरांनी उचलला, मी बाईंना द्या म्हटलं. बूथमध्ये माझ्यामागे चार माणसं उभी होती, त्यांना मराठी कळत नव्हतं हे बरं होतं. मी सगळं सांगितलं. पान, घड्याळ, ढग, सात दिवस. यांना माहीत होतं हेही सांगितलं, कारण अर्धं सांगायचं तर फोन कशाला?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग निघालात का परत?"

"नाही."

"शब्द दिला होतास."

"हो बाई. चौविहार चुकून मोडला. शब्द मात्र कळून-सवरून मोडतेय. मी कन्याकुमारीला जाणार. आल्यावर महाराज देतील ते प्रायश्चित्त घेईन. आणि पुढच्या वर्षी परत निघेन, हेही आत्ताच सांगते."

सुनेनं सासूला असं बोलायची आमच्यात रीत नव्हती, अजूनही फारशी नाही.

बाईंनी विचारलं, "ढग होते म्हणतेस, तर हात नव्हता का?"

"हात?"

"तळहात. आमच्या गावाकडे घड्याळ कुणाच्या बापानं पाहिलं होतं? तळहात धरायचा डोळ्यांसमोर. रेषा फिक्या व्हायला लागल्या की ताट बाजूला. शाळा शिकलीस आणि एवढं कळलं नाही तुला?"

"नाही कळलं, बाई."

"मग आता कळलं ना? जा. आणि त्याला सांग, आईपासून लपवलंस तर लपवलंस, बायकोपासून लपवलंस याचा दंड वेगळा." फोन ठेवता ठेवता त्या कुणाला तरी म्हणाल्या ते मला ऐकू आलं, "मिठाच्या गावात बसलीय, येताना मीठ आणायला सांगायचं राहिलं."

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला दंड आहे. ते म्हणाले, बरं. मग मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मूगडाळीच्या डब्यात तळाशी खुपसलं. पंचांगाचं पान चूल पेटवायला वापरलं.

पुढचे तीन मुक्काम आम्ही साडेतीनलाच थांबलो. संध्याकाळी मी तळहात समोर धरून बसायचे, हे त्यांचा धरायचे. येणारे-जाणारे बघायचे. तुतिकोरिनच्या पुढं एका बाईला वाटलं मी भविष्य सांगते, तिनं तिचा हात पुढं केला. मी बघितला. रेषा स्वच्छ दिसत होत्या. खूप उजेड आहे, असं मी तिला मराठीत सांगितलं, आणि ती खूश होऊन गेली.

कन्याकुमारीला मी उपाशी पोचले. महाराजांचं प्रायश्चित्त घरी गेल्यावर मिळणार होतं, पण माझ्या मनानं मी एक उपवास आधीच धरला, आणि हट्टानं तोच दिवस निवडला. चार वर्षं ज्या गावासाठी धडपडले तिथं पोचून नुसतं उकळलेलं पाणी प्यायचं. यांनीही धरला. मी म्हटलं, तुम्ही कशाला? उत्तर त्यांनी वेदारण्यमला दिलेलंच होतं.

संध्याकाळी सगळी गर्दी पश्चिमेकडं तोंड करून उभी होती. आमच्या शेजारी पुण्याकडची चार माणसं भेळ खात होती. त्यांनी आमच्याकडे पुडा केला. कांदा होता, आणि उपवास होता. आम्ही दोन्हींपैकी एकही कारण सांगितलं नाही, नुसतं नको म्हटलं. तांब्यात दोन घोट पाणी उरलं होतं. सूर्य समुद्राला टेकायच्या आधी एक यांनी घेतला, एक मी.

"किती वाजले?" शेजारच्यानं यांना विचारलं.

"घड्याळ डाळीत आहे," हे म्हणाले.

सूर्य बुडेपर्यंत मी तळहाताकडे बघत होते, त्यामुळं कन्याकुमारीचा सूर्यास्त मी तसा पाहिलाच नाही. तो पाहायला पुढच्या वर्षी परत जावं लागलं. येताना बाईंसाठी मीठ आणलं.